सर्व्हेअरने क्लेम कापला: केस कुणावर टाकायची, आणि कशी?

दुकानात पाणी शिरलं, गोडाऊनला आग लागली, गाडी चेपली की विमा कंपनी सर्व्हेअर पाठवते. तो तासभर फिरतो, फोटो काढतो, चार कागद मागतो आणि निघून जातो. मग बऱ्याच दिवसांनी कळतं की आठ लाखांच्या नुकसानीचे त्याने साडेचार लाखच धरलेत, किंवा काहीच धरलेलं नाही. अशा वेळी फाइल घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "त्या सर्व्हेअरवरच केस ठोकली तर?" राग साहजिक आहे. कंपनी कुणी पाहिलेली नसते, पाहिलेला असतो तो हाच माणूस.

उत्तर आधीच सांगून टाकतो. केस टाकता येते, पण पैसे त्याच्याकडून क्वचितच वसूल होतात. पैसे कंपनीच्या खिशातून निघतात, आणि ते काढायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो त्याच सर्व्हेअरचा रिपोर्ट, नीट उसवून दाखवलेला. म्हणून हा लेख माणसापेक्षा कागदाच्या मागे लागण्याबद्दल जास्त आहे. माणसाच्या मागे कधी लागायचं, तेही पुढे येईलच.

सर्व्हेअर कुणाचा माणूस?

विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ यूएम खाली सर्व्हेअरला आयआरडीएआयचं, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेचं, लायसन्स लागतं. मोटारीचं नुकसान ५० हजारांच्या वर आणि इतर नुकसान एक लाखाच्या वर असेल, तर असा लायसन्सवाला सर्व्हेअर नेमणं कंपनीला भाग असतं. तो कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक असतो. पण त्याला नेमते कंपनी आणि फी देते तीही कंपनीच. तुमचा त्याच्याशी ना करार, ना तुम्ही त्याला एक रुपया दिलेला. इथेच घोडं पेंड खातं. ग्राहक आयोगात 'ग्राहक' ठरायला मोबदला देऊन सेवा घेतलेली असावी लागते. त्यामुळे सर्व्हेअरला विरुद्ध पक्ष केलं तरी निकालात बहुतेक वेळा 'त्याच्यापुरती तक्रार खारीज' अशी एक ओळ येते.

दुसरी बाजू मात्र तुमच्या फायद्याची आहे. क्लेम नामंजूर करायचा अधिकार सर्व्हेअरला नाही. तो कारण तपासतो, नुकसान मोजतो, शिफारस करतो. त्याच्या आकड्यापेक्षा वेगळी रक्कम द्यायची मोकळीक कायद्याने कंपनीला आहे. तेव्हा शाखेतला साहेब "सर्व्हेअरने एवढेच काढलेत, आमच्या हातात काही नाही" म्हणाला, तर समजून जा की तो हात झटकतोय. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की सर्व्हेअरचा रिपोर्ट हा पाया असू शकतो, पण तो अंतिम शब्द नाही आणि तो कुणावर बंधनकारकही नाही.

याच्या उलट बाजूचा निकालही वाचायला हवा, कारण कंपनीचा वकील तोच काढणार आहे. खातेमा फायबर्स विरुद्ध न्यू इंडिया, २०२१. उत्तराखंडातल्या एका कागद कारखान्यात आग लागली होती आणि सर्व्हेअरचा आकडा विमेदाराला मान्य नव्हता. विमेदार हरला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हेअरने नियमातल्या आचारसंहितेप्रमाणे काम केलं असेल, रिपोर्ट मनमानी किंवा अंदाजपंचे नसेल, तर ग्राहक आयोगाने त्यावर अपील ऐकल्यासारखं बसू नये. हा निकाल उलटा वाचा, म्हणजे तुम्हाला काय सिद्ध करायचंय ते कळेल. "आकडा कमी आहे" एवढं पुरत नाही. त्याने आचारसंहिता कुठे मोडली आणि आकडा कुठे हवेतून काढला, हे बोट ठेवून दाखवावं लागतं.

अमेरिकेतले सल्ले इकडे लावू नका

इंटरनेटवर "अ‍ॅडजस्टरवर वैयक्तिक दावा करा" असं सांगणारे लेख दिसतात ते अमेरिकेतले. तिथला अ‍ॅडजस्टर म्हणजे साधारण आपला सर्व्हेअर. डॅलस-ह्यूस्टनकडे राहणारे आपले नातेवाईकही गारपिटीने छप्पर फुटलं की हेच ऐकवतात. तिथेही ते वाटतं तितकं सोपं नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लिबर्टी म्युच्युअल विरुद्ध गॅरिसन या खटल्यात विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यालाही तिथल्या विमा संहितेखाली व्यक्तिशः जबाबदार धरता येतं असं मानलं. पण २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने वादळ-गारपिटीच्या दाव्यांसाठी नवा कायदा केला. त्यानुसार कंपनीने "याची जबाबदारी आमची" असं लेखी दिलं की अ‍ॅडजस्टर दाव्यातून सुटतो. वॉशिंग्टन राज्यात २०१९ च्या केओडाला खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कर्मचारी-अ‍ॅडजस्टरवर असा दावा चालणारच नाही असं ठरवलं. कोलोरॅडोतही २०२२ मध्ये, उशिरा किंवा कमी भरपाई दिल्याबद्दलच्या तिथल्या कायद्याखाली, तोच निष्कर्ष निघाला. म्हणजे राज्य बदललं की उत्तर बदलतं. तिकडचा क्लेम असेल तर तिकडचाच वकील गाठा. इकडच्या क्लेमला त्यातलं काहीच लागू नाही.

सर्व्हेच्या दिवशी

केस जिंकायची की हरायची हे बऱ्याचदा या एका दिवशी ठरतं.

नुकसान झाल्याबरोबर कंपनीला ईमेलने आणि टोल-फ्रीवर कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या. २०२४ च्या आयआरडीएआय परिपत्रकानुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. कंपन्या हे पाळतातच असं नाही, पण न पाळलेली प्रत्येक तारीख पुढे तुमच्या तक्रारीत एक ओळ होते.

पुराचा चिखल, जळका माल सर्व्हेअर येईपर्यंत हलवू नका. हलवावाच लागला तर व्हिडिओ काढून, कंपनीला ईमेल करून मगच. पुराच्या वेळी तलाठ्याचा पंचनामा आणि आगीच्या वेळी अग्निशमन दलाचा दाखला लगेच मागून ठेवा. नंतर तो मिळवताना जोडे झिजतात.

सर्व्हेअर आला की त्याचं लायसन्स पाहा. त्यावर विभाग लिहिलेले असतात: फायर, मरीन, इंजिनिअरिंग, मोटार वगैरे. आगीच्या क्लेमला आलेल्या माणसाकडे फायर विभागच नसेल, तर तो मुद्दा तिथल्या तिथे ईमेलमध्ये टाका.

मग मालाची मोजणी. ती दोघांनी मिळून करायची, यादी हातानेच लिहिलेली का असेना, पण प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. तो सही करायला कां-कूं करतो का ते बघा. करत असेल तर त्याच संध्याकाळी यादी त्याला आणि कंपनीला ईमेल करा: "आज सकाळी अमुक ते अमुक वेळेत आपल्यासमोर झालेल्या मोजणीची यादी सोबत आहे. काही फरक असल्यास कळवावे." उत्तर येत नाही. पण आयोगापुढे ते न आलेलं उत्तरही बोलतं.

आता सगळ्यात घातक कागद. सर्व्हे संपताना किंवा नंतर केव्हातरी एक छापील संमतीपत्र पुढे येतं. मजकूर असा असतो की सर्व्हेअरने काढलेली अमुक रक्कम मला पूर्ण आणि अंतिम म्हणून मान्य आहे. रकमेची जागा कोरी. "ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, याशिवाय फाइल पुढे सरकत नाही," असं सांगितलं जातं. कोऱ्या आकड्यावर सही करू नका. अगदीच गळ्याशी आलं तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "फक्त मालाची मोजणी मान्य. नुकसानीचा आकडा पाहिलेला नाही, मान्य नाही." आणि त्या कागदाचा फोटो काढूनच तो हातातून सोडा.

कागदांची मागणी आणि तीन रिमाइंडर

यानंतर सर्व्हेअर कागद मागतो: खरेदी बिलं, स्टॉक रजिस्टर, जीएसटी रिटर्न, ताळेबंद, बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंटं. पूर आलेल्या दुकानातले निम्मे कागद वाहून गेलेले असतात. काही जण आज दोन, आठवड्याने तीन असे तुकड्यातुकड्याने मागतात, मध्ये रिमाइंडर पाठवतात आणि मग 'कागद न दिल्याने क्लेम बंद करावा' असा रिपोर्ट टाकून मोकळे होतात. यावर एकच उपाय: प्रत्येक मागणीला ईमेलने उत्तर. दिलेले कागद कोणते, नसलेले कोणते, का नाहीत आणि त्याऐवजी काय देतोय, हे सगळं त्यात हवं. बिल गेलं असेल तर व्यापाऱ्याकडून दुसरी प्रत मिळते आणि जीएसटी पोर्टलवर खरेदी दिसतेच. केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही, असं २०२४ च्या परिपत्रकात आहे. ती ओळ ईमेलमध्ये लिहा.

बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटबद्दल मात्र आधीच सावध करतो. कॅश क्रेडिट टिकवण्यासाठी बरेच व्यापारी बँकेला माल फुगवून दाखवतात. क्लेमच्या वेळी तेच कागद सर्व्हेअरच्या हाती पडतात, आणि मग तुमचाच आकडा तुमच्या अंगावर येतो. त्यात सर्व्हेअरची चूक काढता येत नाही.

रिपोर्ट मिळवा आणि ओळीओळीने वाचा

रिपोर्टची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. सर्व्हेअर आणि कंपनी दोघांनाही लेखी मागा. सरकारी कंपनी असेल तर माहिती अधिकारात क्लेमच्या फाइलवरचे शेरेही मागता येतात, त्यातून कधीकधी मोठं घबाड हाती लागतं. रिपोर्ट एकदाच आला की दोनदा, हेही पाहा. पहिल्या सर्व्हेअरचा आकडा पसंत पडला नाही म्हणून कंपनीने सबळ कारण न देता दुसरा नेमला असेल, तर श्री वेंकटेश्वरा सिंडिकेट विरुद्ध ओरिएंटल हा २००९ चा निकाल काढा. हवा तसा रिपोर्ट येईपर्यंत सर्व्हेअर बदलत राहायची मुभा कंपनीला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय.

आता आकडे. एक उदाहरण घेऊन सांगतो, कारण कात्री कुठे लागते ते आकड्यांतच दिसतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तशा पुरात सापडलेलं एक कापड दुकान समजा. पॉलिसी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, विम्याची रक्कम १२ लाख. पुराच्या दिवशी दुकानात खरेदी किमतीने १३ लाखांचा माल, त्यातला ८ लाखांचा भिजून वाया गेला.

सर्व्हेअरच्या रिपोर्टमध्ये मात्र दुकानातला एकूण माल १६ लाखांचा दिसतो. कसा? एकूण माल त्याने विक्री किमतीने धरला आणि नुकसान झालेला माल खरेदी किमतीने. १२ भागिले १६ म्हणजे पाऊण. माल १६ लाखांचा असताना विमा १२ चाच, म्हणजे २५ टक्के कमी विमा, म्हणून नुकसानही पाऊणच मिळणार. यालाच अ‍ॅव्हरेज लावणं म्हणतात. त्याआधी ८ लाखांतून त्याने १० टक्के 'डेड स्टॉक', म्हणजे न खपणारा जुना माल, म्हणून वजा केले, उरले ७ लाख २० हजार. मग १५ टक्के साल्व्हेज, म्हणजे भिजलेला माल विकून मिळतील असे पैसे. उरले ६ लाख १२ हजार. त्याचा पाऊण भाग ४ लाख ५९ हजार. वर पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, जाणार तो वेगळाच.

आता हेच खरेदी किमतीने करून पाहा. माल १३ लाखांचा, विमा १२ चा, तूट आठ टक्क्यांच्या आत. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. म्हणजे अ‍ॅव्हरेज लागतच नाही! एका ठिकाणी खरेदी किंमत आणि दुसऱ्या ठिकाणी विक्री किंमत, एवढ्याच खेळात दीड लाखांहून जास्त गेले.

डेड स्टॉकचे १० टक्के कुठून आले? रिपोर्टमध्ये कोणत्या मालाला, किती जुन्या बिलाला ते लावले हे नसेल, तर तो शुद्ध अंदाज आहे, आणि खातेमा निकालाने नेमकं अंदाजालाच दार उघडं ठेवलंय. साल्व्हेजचे १५ टक्के कुणाच्या भावाने? भंगारवाल्याचं, लॉट घेणाऱ्याचं कोटेशन जोडलंय का? नसेल तर सरळ पत्र द्या: "साल्व्हेज मला नको. कंपनीने ताब्यात घ्यावे आणि पूर्ण रक्कम द्यावी." या पत्राला बहुधा उत्तर येत नाही, आणि तेच तुमच्या फायद्याचं असतं.

जीएसटीचीही एक गोम आहे. "इनपुट क्रेडिट घेतलंय, म्हणून कर वगळून नुकसान" असं बरेच सर्व्हेअर लिहितात. इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट. पण नष्ट झालेल्या मालाचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) खाली परत करावं लागतं. तुम्ही ते परत केलं असेल तर तो तुमचा खराखुरा तोटा आहे. सीएचा दाखला जोडून तो मागा.

मोटारीचं गणित त्यामानाने सोपं. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा, फायबरवर ३० टक्के, काचेवर शून्य, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर, घेतलं असेल तर हे तक्ते सहसा लागत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. तो आकडा खाली आणायला पार्ट 'बदला'ऐवजी 'दुरुस्त करा' लिहिलेले असतील, तर गॅरेजकडून ते भाग दुरुस्त होण्यासारखे नाहीत असं लेखी घ्या.

आक्षेपाचं पत्र

रिपोर्ट वाचून झाला की कंपनीला आक्षेप द्यायचा, प्रत सर्व्हेअरला. भाषा थंड ठेवायची. "सर्व्हेअर पैसे खाऊन आहे" असलं काही लिहू नका. त्यापेक्षा हे चालतं:

"रिपोर्टच्या पान ४ वर एकूण मालाचे मूल्य विक्री किमतीने आणि पान ६ वर नुकसान खरेदी किमतीने धरले आहे. दोन्हीसाठी वेगळा आधार घेण्याचे कारण दिलेले नाही. डेड स्टॉक वजावटीचा तपशील नाही. साल्व्हेजचे कोटेशन जोडलेले नाही. ही मोजणी विमा सर्व्हेअर विनियम २०१५ मधील निष्पक्षता, काळजी व कौशल्य या कर्तव्यांशी विसंगत आहे. कृपया सुधारित मूल्यांकन करावे."

त्या विनियमांत सर्व्हेअरची कर्तव्यं तपशिलात दिली आहेत: स्वतःचा काही हितसंबंध असेल तर आधी सांगणं, नुकसानीचं कारण आणि परिस्थिती तपासणं, गरज पडली तर तज्ज्ञाचं मत घेणं, साल्व्हेजबद्दल लिहिणं, विमेदाराच्या शंकांना उत्तर देणं, क्लेम पॉलिसीत बसत नसेल तर कारण देणं. आपल्या रिपोर्टसमोर ही यादी ठेवून टिक करत जा. जिथे टिक लागत नाही, तो तुमचा मुद्दा.

सोबत तुमचा स्वतःचा आकडा हवाच, आणि तोही कुणा जाणकाराने सही केलेला. मालासाठी सीए, यंत्रासाठी चार्टर्ड इंजिनिअर, शक्य असेल तर दुसरा लायसन्सधारक सर्व्हेअर. याची फी जड वाटते, पण समोर दुसरा कागदच नसेल तर आयोगाकडे कंपनीचा रिपोर्ट मानण्यावाचून पर्याय उरत नाही. मी पाहिलेल्या हरलेल्या तक्रारींमध्ये सर्वाधिक तक्रारी याच एका कारणाने हरल्या आहेत.

पैसे घेताना

दरम्यान कंपनी कमी रकमेचं डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे 'एवढ्यावर क्लेम मिटला' असा सहीचा कागद, पाठवते. पैशांची निकड असते, माणूस सही करतो. सही केली म्हणजे सगळं संपलं असं नाही. फसवणूक, दबाव किंवा दिशाभूल दाखवता आली तर उरलेल्या रकमेसाठी भांडता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या अजमेर सिंग कॉटन प्रकरणात म्हटलंय. पण दबाव सिद्ध तुम्हाला करायचाय, आणि दोन वर्षांनी आठवलेला दबाव कुणी मानत नाही. म्हणून व्हाउचरवर किंवा त्याच दिवशी ईमेलने "हक्क राखून, वाद कायम ठेवून रक्कम स्वीकारली" असं लिहा.

तक्रारीची दारं

आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. दोन आठवडे थांबा, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, किंवा १५५२५५ वर फोन. इथे फार आशा ठेवू नका. बहुतेकदा कंपनीचंच उत्तर पुन्हा तुमच्याकडे येतं. पण पायरी चुकवू नका, पुढे तिचा पुरावा लागतो.

पुढे दोन रस्ते फुटतात, आणि एका वेळी एकच धरता येतो. विमा लोकपालाकडे फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगात जायची वाट मोकळी असते. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोवा मुंबईकडे येतं. वैयक्तिक पॉलिसी, एकट्या मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांना हा रस्ता खुला आहे. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. मोटार आणि घराच्या सरळ प्रकरणांत मी आधी लोकपालच सुचवतो. पण सर्व्हेअरच्या आकड्याची चिरफाड करायची असेल, त्याला लेखी प्रश्न विचारायचे असतील, तर जिल्हा ग्राहक आयोग.

आयोगाचं कार्यक्षेत्र भरपाईच्या रकमेवर ठरत नाही, तुम्ही भरलेल्या प्रीमियमवर ठरतं. म्हणून दोन कोटींचा क्लेमसुद्धा जिल्हा आयोगातच चालतो, आणि प्रीमियम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जावं लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, मराठीतही चालते. "धंद्याची पॉलिसी, म्हणून तुम्ही ग्राहक नाही" हा कंपनीचा जुना बचाव हार्सोलिया मोटर्स प्रकरणात २०२३ मध्ये निकालात निघाला.

तक्रारीत सर्व्हेअर कुठे बसवायचा?

विरुद्ध पक्ष क्रमांक १ कंपनी. माल किंवा गाडी तारण असेल तर बँक क्रमांक २. सर्व्हेअरला क्रमांक ३ करायचं का? माझं मत: सहसा नाही. त्याचा पत्ता बदललेला असतो, नोटीस परत येते आणि त्या एका नोटिशीपायी तारखांमागून तारखा पडतात. शेवटी नाव वगळलंच जातं.

पण तुमचा मुद्दा त्याच्या बदनियतीचाच असेल, तर गणित बदलतं. तो न येताच रिपोर्टवर भेटीची तारीख टाकली, यादीवर तुमची खोटी सही केली, पैसे मागितले, असं काही असेल तर त्याला पक्षकार करा. नावानिशी आरोप करायचा आणि त्याला बोलायची संधी द्यायची नाही, हे कुठलाही आयोग ऐकून घेणार नाही.

पक्षकार नसला तरी त्याला सोडायचं नाही. कंपनी त्याचं प्रतिज्ञापत्र दाखल करते. तेव्हा लेखी प्रश्नावलीची परवानगी मागा. प्रश्न छोटे आणि टोकदार ठेवा. जागेवर किती वाजता आलात, किती वाजता गेलात? एकूण मालाची किंमत कोणत्या कागदावरून घेतली? डेड स्टॉकचे १० टक्के कोणत्या वस्तूंना लावले? साल्व्हेजसाठी कुणाचं कोटेशन घेतलं? फायरचं लायसन्स त्या तारखेला चालू होतं का? "आपण पक्षपाती आहात हे खरे ना?" असले प्रश्न वाया जातात.

कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये हिली कोल्ड स्टोरेज प्रकरणात ठरवलंय. नोटीस कंपनीला कधी मिळाली ती तारीख जपून ठेवा. दुसरं, नामंजुरीच्या पत्रात नसलेलं नवं कारण कंपनीने उत्तरात काढलं, तर सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल, २०१९ दाखवा. कंपनी त्या पत्राबाहेर जाऊ शकत नाही.

मागणीत फरकाची रक्कम, त्यावर व्याज, त्रासाबद्दल भरपाई आणि खर्च लिहा. व्याज साधारण सहा ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान मिळतं. मानसिक त्रासाचे पन्नास लाख मागून तक्रारीचं हसं करून घेऊ नका.

सर्व्हेअरवर थेट कारवाई

लायसन्सची तक्रार आयआरडीएआयकडे लेखी करता येते. त्यातून तुम्हाला पैसे मिळत नाहीत, पण लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकतं, आणि त्याला त्याचीच धास्ती जास्त. प्रत हैदराबादच्या भारतीय विमा सर्व्हेअर संस्थेला, म्हणजे आयआयआयएसएलएला. आचारसंहितेचा कोणता नियम, कोणती तारीख, कोणता कागद, एवढंच लिहा.

पैसे मागितले असतील तर देऊ नका. फोन रेकॉर्डिंग, मेसेज जसेच्या तसे मूळ फोनमध्ये ठेवा. कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सरकारी विमा कंपनी असेल तर तिच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे जा. खोटी सही, बनावट कागद असेल तर पोलिसात फिर्याद. नुसता कमी आकडा घेऊन पोलीस चौकीत गेलात तर "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

दिवाणी न्यायालयात सर्व्हेअरवर नुकसानभरपाईचा दावा शक्य आहे. मुदत तीन वर्षं, कोर्ट फी रकमेप्रमाणे, आणि लबाडी सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. कंपनीकडून रक्कम मिळाल्यावर त्याच नुकसानीचे पैसे पुन्हा त्याच्याकडून मागता येत नाहीत, त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत या दाव्यात वसूल करण्यासारखं काही उरत नाही. आणि त्याचा फोटो, नाव टाकून "हा चोर आहे" असं व्यापारी संघाच्या ग्रुपवर फिरवू नका. कंपनीशी भांडता भांडता अब्रुनुकसानीची एक केस अंगावर घेतलेले लोक आहेत.

मुदत

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. ती नामंजुरीच्या पत्रापासून मोजायची असं सगळे धरून चालतात, आणि बऱ्याचदा तसं मानलंही जातं. पण कंदिमल्ला राघवय्या विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या २००९ च्या निकालात आगीच्या तारखेपासून मुदत मोजली गेली आणि विमेदाराचा दावा बुडाला. पत्रव्यवहार चालू आहे, रिमाइंडर जातायत, म्हणून मुदत वाढत नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नुकसान झाल्याची तारीख लिहा, तिच्यात दोन वर्षं मिळवा, आणि कंपनीचं उत्तर आलेलं असो वा नसो, त्या तारखेच्या महिनाभर आधी तक्रार दाखल करा.